शपथ नको, स्टेशन सांगा

आमच्या घराण्यात दारू सोडवायची एकच रीत होती. बायकोने रडायचं, मोठ्या मामांनी पेणहून यायचं, देवापुढे नारळ ठेवायचा आणि पिणाऱ्याने आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची. रोह्याच्या माझ्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, अशी शपथ चार वेळा घेतली. चारही वेळा त्या नारळाचं खोबरं संपायच्या आत मोडली.

डोकं मात्र दर वेळी एकच, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीचं. शपथ मोडल्यावर कधीतरी तिला ताप यायचा, पोरांना येतोच. पण घरातलं कुणीतरी म्हणायचं, "बापाने शपथ मोडली, पोर भोगतेय." एकदा मी तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होतो, तेव्हा तिने विचारलं, "मामा, बाबा आजपण प्यायले तर मी मरेन?"

या डोक्यावर पुन्हा हात पडू द्यायचा नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. ठरवायला काय जातंय. मी पेणला रामवाडीत राहणारा आणि रोह्यातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. पुड्या बांधणं आणि न विचारता सल्ला देणं, या दोन कामांत माझा हात धरणारा कुणी नव्हता. लिव्हर कसं सडतं ते मी दाजींना चित्र काढून समजावलं होतं. ते म्हणाले, "पपई बाकी झकास काढलीस."

नव्वदीची ती वर्षं. डॉक्टरांनी मला पनवेलला दोन दिवसांच्या व्यसनमुक्ती शिबिराला धाडलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, पिणाऱ्याशी वाद घालू नका. तुम्ही 'सोड' म्हणालात की तो 'का सोडू' याची कारणं काढत बसतो. त्यापेक्षा असं विचारा की सोडायची कारणं त्याच्याच तोंडून यावीत, आणि तो बोलला ते त्यालाच परत ऐकवा. घरी आल्यावर बायको म्हणाली, डोकं दुखतंय. मी म्हटलं, "म्हणजे तुझं डोकं दुखतंय." ती म्हणाली, "एवढं शिकायला दोन दिवस लागले?"

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. सोडावीशी किती वाटते ते शून्य ते दहात विचारा. आकडा लहान आला तर 'एवढाच का' म्हणू नका, 'याहून कमी का नाही' असं विचारा. मी विचारलं. दाजी म्हणाले, "मी परीक्षेला बसलोय काय? मास्तर कधी झालास?"

म्हणून मी आकडे टाकले आणि आमची रेल्वे घेतली. "दाजी, पेणला बाटली, रोह्याला सुटका. मधे कासू, मग नागोठणे. तुमची गाडी कुठाय?"

ते जरा हसले. मग म्हणाले, "कासू."

'फक्त कासू?' हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी घाईने तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली आणि तोंड बंद ठेवलं. मग विचारलं, "पेणलाच का नाही थांबलात? कासूपर्यंत कशाने आलात?"

"कंपनीत फर्स्ट शिफ्टला व्हॉल्व्ह फिरवताना हात थरथरतो," ते म्हणाले. "परवा पोरीने वहीला कव्हर घालायला दिलं. नाय जमलं. ती काय बोलली नाय रे. गपचूप वही परत घेतली."

"वही परत घेतली," मी म्हटलं.

"व्हय. तेच तर." मग माझ्या गालाकडे बघून, "आणि तुझ्या तंबाखूची गाडी कुठाय?"

"हमरापूर," मी म्हटलं. म्हणजे पेणच्याही मागचं स्टेशन.

त्यानंतर दाजी दवाखान्यात यायला लागले. एकदम बंद करू नका, अंगावर येईल, असं बजावून डॉक्टरांनी औषधं दिली. मी फक्त स्टेशन विचारायचो. कधी नागोठणे, पुढच्या आठवड्यात पुन्हा कासू. गाडी मागेही येते, हे ताईच्या टाइमटेबलात नव्हतं. तिचा धीर सुटला आणि तिने मामांना बोलावलं.

मामा नारळ घेऊन आले. मुलीला पाटावर बसवलं. ती डोकं खाली घालून, डोळे मिटून बसली. मामा दाजींना म्हणाले, "हात ठेव."

"नाय ठेवायचा," मी म्हटलं.

मामांसमोर तोवर मी 'हो' सोडून दुसरा शब्द काढला नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "चार पुड्या बांधतोस म्हणून डॉक्टर नाय झालास तू."

खरंच होतं. मी देवापुढचा नारळ उचलला. आणि तो कुठे ठेवायचा ते सुचेना, म्हणून तसाच धरून उभा राहिलो. तेवढ्यात दाजी बोलले.

"शपथ नाय घेणार, मामा. आज नागोठण्याला हाय. उद्या कासूला असेन, काय सांगता येत नाय. पण पोरीच्या डोक्यावर हात नाय ठेवणार."

मामा ताईकडे वळले. "हा आत्तापण प्यायलाय."

"नाय प्यायलो, मामा. म्हणून तर नाय म्हणतोय." मग मुलीला म्हणाले, "ऊठ गो. जा खेळायला."

ती उठली आणि मागे न बघता बाहेर गेली. मामाही चहा न घेता निघाले. ताईने माझ्या हातातला नारळ काढून घेतला आणि चटणीसाठी फोडला.

घराण्याची रीत मी मोडली, असं मामा शेवटपर्यंत म्हणत राहिले. मोडली. आणखी कुणी नारळ घेऊन आला तर पुन्हा मोडेन. दाजी त्यानंतरही प्यायले. रोह्याला पोचायला त्यांना दीड वर्ष लागलं. माझी गाडी अजून हमरापूरलाच आहे, तेही सायडिंगला.

त्या पावसाळ्यात मुलीला ताप आला. ताईने माझ्याकडे बघून तोंड उघडलं आणि मिटलं. मी पुड्या बांधत होतो, तेव्हा मुलीने विचारलं, "मामा, हा कसला ताप?"

"भिजलीस ना काल, त्याचा."

तिने जरा विचार केला. मग पेजेबरोबर लोणचं मागितलं.