अण्णांना न सांगितलेला अंदाज

होक्काइदोतल्या त्या हॉटेलात नाश्त्याच्या खोलीत एक मोठा टीव्ही होता आणि त्या सकाळी त्यावर फक्त हवामान चालू होतं. नकाशावर हवेच्या दाबाच्या रेषा खिडकीच्या गजांसारख्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. निवेदिका काय सांगत होती ते मला नीट कळत होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर बऱ्याच जणांनी मायेनं मला पळवाट काढून दिली की भाषेचा घोळ झाला असेल. घोळ झाला नव्हता. मी ऑफिसातलं जपानी आजही अडखळत बोलतो, पण इतकी वर्षं इथं काढल्यावर हवामानाचं जपानी कुणालाही कळतं. दुपारपासून समुद्राकडून फार जोराचा वारा, त्यात बर्फ, समोरचं काही दिसणार नाही, दिवसाही पारा शून्याच्या बराच खाली. गरज नसेल तर बाहेर पडू नका. आणि आणखी एक वाक्य होतं. सकाळी थोडा वेळ आकाश निवळेल, ऊनही पडेल, पण त्याला भुलू नका.

"काय म्हणतेय रे ती?" अण्णांनी विचारलं. "चेहऱ्यावरून कुणीतरी गेल्यासारखं वाटतंय."

"काही नाही अण्णा. दुपारनंतर थोडा वारा, थोडा बर्फ. इथलं नेहमीचं."

माझी मुलगी समोर बसली होती. अकरा वर्षांची, जन्म इथलाच. घरात आम्ही मराठीत विचारतो आणि ती बहुतेक वेळा जपानीत उत्तर देते, पण आजोबांसमोर मराठी बोलायची. ती म्हणाली, "बाबा, असं नाही म्हणाली ती. बाहेर पडू नका म्हणाली."

"ते रोजच म्हणतात गं. आजोबांना उगाच घाबरवू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा टोस्टला लोणी लावायला लागली.

"ते रोजच म्हणतात" हे निव्वळ खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. आम्ही टोक्योजवळ उरायासुला राहतो. तिथल्या स्टेशनवर सरकता जिना रोज सांगतो की पाय जपा, गाडी सांगते की दार जपा, पाऊस असला की छत्री विसरू नका, ऊन असलं की पाणी प्या. आम्ही मराठी मंडळी टोक्योतल्या निशी-कसाई भागात कुणाच्या घरी जेवायला जमलो की या सूचनांच्या नकला हमखास व्हायच्या आणि सगळ्यात जास्त हशा मला मिळायचा. इथले लोक काळजी जरा जास्तच करतात, त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, असं आम्ही आपसात ठरवूनच टाकलं होतं. कुठलं निम्मं, याचा विचार कुणी केला नव्हता.

अण्णांना बर्फ बघायचाच नव्हता. "बर्फ तुझ्या फ्रीजमध्येही आहे," असं ते म्हणाले होते. तीन महिन्यांसाठी आले होते आणि आमच्या गॅलरीतून जाणाऱ्या गाड्या बघत बसणं त्यांना मनापासून आवडायचं. हट्ट माझा होता. आई गेली तेव्हा मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटपलेलं होतं. त्यानंतर अण्णांनी मला एका शब्दानंही दुखवलं नाही, आणि ते मला सहन होत नव्हतं. परत गेल्यावर त्यांनी सोसायटीतल्या बाकावर बसून सांगावं, मुलानं मला काय काय दाखवलं, असं मला फार वाटत होतं. म्हणून विमानानं होक्काइदो, तिथून भाड्याची गाडी, आणि त्या दिवशी गाठायचं ठरलेलं, डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या कुंडाचं एक हॉटेल.

बायको वर खोलीत बॅगा भरत होती. खाली आल्यावर तिनं विचारलं, "हवामान बघितलंस ना रे?"

"बघितलं," मी म्हणालो.

बाहेर खरोखरच लख्ख ऊन होतं. वारा अजिबात नव्हता. अण्णांनी कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर माझं जाड जॅकेट असा सगळा सरंजाम केला होता. "लहानपणी थंडीत विहिरीवर अंघोळ केलेली माझी पिढी," ते गाडीत बसताना म्हणाले, "आणि या पोरानं माझं गाठोडं करून टाकलंय."

"आजोबा, तुम्ही ओनिगिरीसारखे दिसताय," मुलगी म्हणाली.

"म्हणजे काय ते?"

"भाताचा गोळा."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

गाव संपताना एका कोम्बिनी दुकानात आम्ही कॉफी घ्यायला थांबलो. मागच्या आवारात मालवाहू ट्रक ओळीनं उभे होते आणि ड्रायव्हर पडदे लावून आत झोपलेले होते, भर सकाळी. दारावर दुकानातली मुलगी एक कागद चिकटवत होती. माझ्या मुलीनं तो वाचला. आज दुकान दुपारीच बंद होणार होतं. बारा महिने दिवसरात्र उघडी असणारी ही दुकानं. कागद वाचून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं फक्त. मी म्हणालो, "चला, रस्ता मोकळा मिळेल."

मोकळा मिळाला. समोरून एकही गाडी येत नव्हती. दोन्ही बाजूंना सपाट पांढरी शेतं आणि रस्त्याच्या कडेला उंच खांबांवरून खाली रोखलेले लाल-पांढरे बाण. बर्फात रस्त्याची कड सापडावी म्हणून ते लावलेले असतात. बायकोच्या ते लक्षात आलं. "इतक्या उंचावर कशाला लावलेत?" ती म्हणाली, आणि मग तिनं सीटबेल्ट ओढून घट्ट केला.

आधी रस्त्यावरून बर्फाची पूड सरपटत जायला लागली, आडवी, घोट्याएवढ्या उंचीवरून. वर आकाश अजून निळं होतं. मग पश्चिमेकडची शेतं दिसेनाशी झाली. मग गाडीला डावीकडून कुणीतरी खांदा मारावा तसा धक्का बसला, आणि त्यानंतर बाण दिसेनासे झाले, रस्ता दिसेनासा झाला, आणि मी चालवत असलेल्या गाडीचं नाकसुद्धा मला दिसेना. मी ब्रेकवर पाय ठेवला, पण गाडी आधीच कशात तरी मऊसर रुतून थांबली होती. मागे घेतली तर चाकं जागच्या जागी फिरली.

"आता?" बायकोनं विचारलं.

मी मदतीचा नंबर लावला. पलीकडचा माणूस भराभर बोलत होता, वाऱ्याचा आवाज गाडीच्या पत्र्यावर आपटत होता, आणि माझं जपानी ऐनवेळी आटलं. मी फोन मुलीला दिला. ती खूप वेळ ऐकत होती, मध्येच "हाय, हाय" म्हणजे हो, हो म्हणत होती. तिचा चेहरा मला आरशात दिसत होता. फोन ठेवून तिनं शेजारी बसलेल्या आजोबांकडे पाहिलं. अण्णांनी हात काखेत दाबून धरले होते आणि त्यांची हनुवटी थरथरत होती.

"येतायत म्हणाले," ती म्हणाली. "वारा कमी झाला की येतायत. गाडीतच थांबा म्हणाले."

"बास, मग काळजी नाही," मी म्हणालो आणि हीटर मोठा केला.

काही वेळ सगळं बरं चाललं होतं. अण्णांचा थरकाप थांबला. बायकोनं त्यांना बिस्किटं दिली, ती त्यांनी हातात धरून ठेवली. खिडक्या एकेक करून पांढऱ्या झाल्या आणि वाऱ्याचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. मला ते बरं वाटलं. आपण पुरले जातोय म्हणून आवाज कमी होतोय, हे डोक्यात आलं नाही. माझं कपाळ दुखत होतं. बायको म्हणाली, तिला मळमळतंय. अण्णांना झोप लागली होती. त्यांचा चेहरा गुलाबी, टवटवीत दिसत होता, आणि मी मनात म्हटलं, बघा, छान ऊब मिळाली.

"आजोबा," मुलीनं हाक मारली. पुन्हा मारली. त्यांचा खांदा हलवला. बिस्किटं खाली पडली.

ती आधी जपानीतच रडली. माफ करा, माफ करा, एवढंच म्हणत होती. मग मराठीत म्हणाली, "बाबा, मी सगळं नाही सांगितलं. गाडी बंद करा म्हणाले होते. मागचा पाइप बर्फात बुडला की विषारी हवा आत येते म्हणाले, माणसं मरतात म्हणाले. पण आजोबा घाबरले असते. त्यांना थंडी वाजत होती."

मी इंजिन बंद केलं. दार उघडेना, म्हणून काच खाली केली, तर बर्फाचा ढीग मांडीवर आला. त्या फटीतून मी बाहेर घुसलो. वाऱ्यानं श्वास तोंडात परत कोंबला जात होता. फावडं डिकीत होतं आणि डिकी बर्फाखाली. काच पुसायच्या ब्रशनं आणि हातांनी मी मागची बाजू उकरली. पाइप कोपरभर खाली होता. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. आत आलो तेव्हा बायकोनं दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघडल्या होत्या आणि ती अण्णांच्या गालावर थापट्या मारत होती. "अण्णा, डोळे उघडा. अहो, उघडा ना डोळे." अण्णा काहीतरी पुटपुटले. आम्ही चौघं मागच्या सीटवर एकमेकांवर रेलून बसलो, हीटरशिवाय, उघड्या काचांनी. मुलगी आजोबांचा हात सोडत नव्हती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

उजेड जायच्या सुमाराला बर्फ उपसणारं यंत्र आलं. कमरेला दोरी बांधलेली दोन माणसं उतरली. त्यातल्या एकानं काचेतून आत बघून आधी काय म्हटलं असेल, तर उशीर झाला, माफ करा.

गावातल्या लहानशा हॉस्पिटलात अण्णांना प्राणवायू लावला. हळूहळू ते शुद्धीवर आले आणि कानटोपी कुठाय म्हणून विचारू लागले. बाहेर बाकावर मुलगी आईच्या कुशीत तोंड खुपसून म्हणत होती, "माझ्यामुळे झालं." ते ऐकून मी बायकोला सगळं सांगितलं. टीव्ही, निवेदिका, ते निवळलेलं आकाश, आणि हिला मी काय बोलून गप्प केलं होतं ते. बायकोनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "हे तिच्या आजोबांना सांग. माझ्यापाशी नको."

अण्णांना सांगितलं. मास्क बाजूला करून ते म्हणाले, "पोरीला आधी काहीतरी खायला घाल. सकाळपासून उपाशी आहे ती." एवढंच. पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही त्यांना काढायला लावला नाही.

आम्ही निघताना डॉक्टरांनी समोर बसून सांगितलं की आज अण्णा बरे दिसतायत, पण या विषारी हवेचं तसं नसतं. कधी कधी मधले काही दिवस अगदी छान जातात आणि मग माणूस विसरायला लागतो, चालताना अडखळतो. पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. मुलीनं ते अण्णांना शब्दन् शब्द मराठीत सांगितलं. "विसरणे" हा शब्दसुद्धा तिनं गाळला नाही.

अण्णांचं परतीचं तिकीट आम्ही पुढे ढकललं. मी ऑफिसला घरून काम करतो म्हणून कळवलं आणि त्यांच्या मागेमागे राहू लागलो. जेवण झालं की सहज विचारल्यासारखं विचारायचो, आज भाजी कुठली होती अण्णा? काल फोन कुणाचा आला होता? ते नीट उत्तर द्यायचे. एकदा म्हणाले, "तोंडी परीक्षा घेतोयस का रे? मग मार्क तरी सांग." त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

मग एका दुपारी ते स्वयंपाकघरात गॅसपाशी उभे दिसले. पातेल्यात पाणी उकळत होतं, हातात चहाचा डबा होता. मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. त्यांचा आधीचा कप तिथंच तिच्या वहीशेजारी होता, तळाशी गाळ असलेला.

"आजोबा, तुम्ही आत्ताच चहा प्यायलात," ती म्हणाली.

"हो का?" अण्णांनी कपाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "अरेच्चा. मग हा कुणासाठी टाकला मी?"

पुण्यालाही ते असं करायचे का, हे मला माहीत नाही. या वयात कुणीही करतं, असं मित्र म्हणतात. आई असती तर तिला माहीत असतं. मी इतकी वर्षं त्यांच्यापाशी नव्हतो, त्यामुळे त्यांचं आधीचं विसरणं कसं होतं, किती होतं, हे ताडून बघायला माझ्याकडे काहीच नाही. अण्णा डबा हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत होते. पाणी उकळून कडेनं खाली यायला लागलं. मुलगी उठली, तिनं गॅस बंद केला आणि डबा हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला.