बायपासजवळची नवी घरं

नव्या घरांच्या साइट ऑफिसात बसणाऱ्याला टीव्हीची गरज पडत नाही. गेवराईच्या बायपासजवळ आमच्या शेठनी रो-हाउस बांधायला घेतली तेव्हापासून मी तिथं बसते. घरं सावकाश विकली जातात, किस्से मात्र रोज जमा होतात. चहा उकळेस्तोवर काही ऐकाच!

*

सजवलेलं एक सॅम्पल घर आम्ही दाखवायला ठेवलंय. एका दुपारी घाटनांदूरचे एक काका आले. लेक गेवराईत नोकरीला, त्याच्यासाठी घर बघायचं होतं. मी फोनवर होते, म्हणून म्हटलं, "काका, निवांत बघा."

बराच वेळ झाला तरी काका बाहेर येईनात. आत जाऊन बघते तर बेडवर उताणे, डोक्याखाली पटका, आणि घोरणं जोरात!

हाक मारल्यावर एक डोळा उघडून म्हणाले, "मॅडम, घर घ्यायचं तर झोप लागती का न्हाई ते बघाय नको व्हय?"

बुकिंग करूनच गेले!

*

एका शेतकरी जोडप्याला मी ऐटीत सांगितलं, "ही मास्टर बेडरूम."

नवरा उंबऱ्यातच थबकला. बायकोला हळूच म्हणाला, "आपुन तर मास्तर न्हाई. चालंल का?"

ती म्हणाली, "पोरगी डीएड करतीय की. तिला देऊ!"

*

शेठनी ब्रोशर पुण्याहून छापून आणलं. त्यात निळाशार स्विमिंग पूल! साइटवर मात्र मुरमाचे ढीग.

एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर फोटो न्याहाळत म्हणाले, "उन्हाळ्यात आमी टँकरची वाट बघतो, अन् हितं पवाय तळं हाय?"

शेठ ओशाळले. "ते नुसतं चित्र आहे हो."

"चित्रच हाय तर कंजुषी कशापायी केली वो? समुद्र टाकायचा!"

पुढच्या ब्रोशरातून पूल गेला. त्या जागी छपरावरचं पाणी साठवायची टाकी आली, आणि ती शेठनी खरंच बांधली!

*

कडा गावच्या सासू-सून आल्या. ओपन किचन बघून सासूबाई बिचकल्या. "मधी भिंतच न्हाई! पाव्हण्यांना काय शिजतंय ते समदं दिसंल."

सून म्हणाली, "दिसू द्या की, आत्याबाई. कोण शिजवतंय तेबी दिसंल!"

सासूबाई खळखळून हसल्या.

*

शांता आणि ज्ञानोबा ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कारखान्याच्या गावाला. हंगामभर मुक्काम कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. दाराच्या जागी जुनी साडी.

पहिल्यांदा आले तेव्हा वॉचमननं दोघांना घमेली दाखवली. त्याला वाटलं, कामावर आलेत. शांता म्हणाली, "दादा, आमी घर बघाय आलोय."

एका खोलीचं, सगळ्यात लहान घर त्यांनी ठरवलं. मध्ये एकदा ज्ञानोबाचा धीर सुटला. "न्हाई झेपायचं आपल्याला. सोडून देऊ." शांता माझ्यासमोर खुर्चीत बसून राहिली. "तुमी जावा. मी न्हाई सोडत."

पुढचा हंगाम आटोपून दोघं परतली, तोवर घर तयार होतं. मी चावी शांताच्या हातात दिली. तिनं कुलूप काढलं, आत गेली, दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही बाहेर पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. ती काही येईना. ज्ञानोबा घाबरला, दार वाजवायला लागला. "अगं, काय झालं? रडतीस का काय? उघड की!"

आतून शांताचा आवाज आला, "थांबा वो जरा! दार लावून बसलेय मी!"