मागाच्या खोलीतली गरम हवा

माझं माहेर कृष्णाकाठचं, सांगलीजवळचं. काळी जमीन, चहूकडं ऊस आणि हवेत कायम थोडी ओल. लग्न होऊन विट्याकडं आले तेव्हा धुळीशी माझी खरी ओळख झाली. सकाळी पुसलेल्या कट्ट्यावर दुपारी बोटानं नाव लिहावं इतका थर बसायचा. त्यात आमच्या आळीत घरोघरी यंत्रमाग. मागावरून सुताचा बारीक कापूस उडायचा आणि वाऱ्यावर तरंगत कुठंही जाऊन बसायचा, दुधाच्या पातेल्यावर, देवाच्या फोटोवर, वाळत घातलेल्या साडीवर.

आमच्याकडचे पुष्कळ पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात दूरच्या शहरांत असतात. माझे मालकही तिकडंच, दक्षिणेत दुकान सांभाळतात. धाकटे दीर काही वर्षं त्यांच्या हाताखाली होते. त्यांचं मन भट्टीत कधी रमलं नाही, कॉम्प्युटरमध्ये रमलं. एका उन्हाळ्याच्या तोंडाला ते गावी परत आले ते टेम्पो भरून खोकी घेऊनच.

घरामागं सासऱ्यांच्या वेळची मागाची खोली होती. माग केव्हाच विकले होते, पण जाडजूड वायरिंग आणि तिथलं वीज कनेक्शन तसंच होतं. दिरांनी तिथं लोखंडी मांडण्या उभ्या केल्या आणि त्यांवर ओळीनं ग्राफिक कार्डं, कॉम्प्युटरला चित्रं-व्हिडिओ दाखवायला लागतात ती, बसवली. एकेका कार्डाला दोन-तीन छोटे पंखे. सगळं सुरू केलं तेव्हा खोलीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज घुमायला लागला.

सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, दारात उभं राहून बघत होत्या.

"हे करतंय तरी काय रं?" त्यांनी विचारलं.

"गणितं सोडवतंय, आये."

"कुणाची?"

दीर जरा अडखळले. "जगातली. इंटरनेटवर एक नाणं हाय. त्याचा हिशोब बरोबर हाय का न्हाई, ते ही यंत्रं तपासत्यात. त्याबदली आपल्याला त्यातलं थोडं मिळतं."

"म्हंजे लोकांची गणितं सोडवून देतंय," आत्या म्हणाल्या. "बरं हाय. चांगलं काम हाय." आणि समाधानानं आत निघून गेल्या. त्यांचं त्या यंत्रांबद्दलचं मत आजही हेच आहे.

दीर दिवसभर विट्यात एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचे. त्यामुळं दिवसाची राखण माझ्याकडं आली. त्यांनी माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. त्यात प्रत्येक कार्डाचं तापमान दिसायचं. ठीक असलं की हिरवं, तापलं की लाल. मी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको. मशीन चालवता चालवता एक डोळा फोनवर ठेवायची सवय लागली.

पहिले पंधराएक दिवस सगळं हिरवं होतं. मग एके दुपारी एक आकडा लाल झाला, त्यामागून दुसरा, आणि बघता बघता एक अख्खी मांडणीच बंद पडली. मी दिरांना फोन लावला. ते आले, कार्ड काढून त्यांनी ते पालथं केलं आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. पंख्याच्या मागं, धातूच्या पातळ पात्यांमध्ये, सुताचा कापूस आणि धूळ मिळून चक्क घोंगडीसारखा थर बसला होता. नखानं ओढला तर अख्खा पट्टा निघून आला.

"ह्याच्यातनं हवा जाणार कुठनं?" दीर कपाळाला हात लावून म्हणाले. "वैनी, ही खोली आपण चुकीची निवडली."

"खोली चुकीची न्हाई," मी म्हणाले. "दारं-खिडक्या चुकीच्या हायत."

त्या दिवशी त्यांनी मला कार्ड साफ करायला शिकवलं. आधी वीज बंद. मग रंगकामाच्या मऊ ब्रशनं मोकळी धूळ उचलायची. मग ब्लोअर मारायचा, पण मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, नाहीतर ब्लोअरच्या जोरानं ते भिंगरीसारखं फिरतं आणि खराब होतं. सगळी कार्डं अंगणात नेऊन आम्ही साफ केली. शेवटी दोघंही असे दिसत होतो की आत्यांनी आम्हाला घरात घेण्याआधी झाडूनं झटकलं.

पण दर आठवड्याला हे करणं शक्य नव्हतं. धूळ आतच येऊ द्यायची नाही, असं ठरलं. मी खिडकीला मलमलीचा दुपदरी पडदा ठोकला. छान बसला, आत एक कण आला नाही. तासाभरात फोनवरचे सगळे आकडे लाल.

"वैनी, धूळ थांबली, पण हवाबी थांबली की!" दीर फोनवर ओरडले. मी धावत जाऊन पडदा ओढून काढला.

मग दोन-तीन आठवडे आमचे नुसते प्रयोग चालले. वाळ्याचा ओला पडदा लावून पाहिला. हवा गार आली, पण आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, वाळा पांढरा कडक झाला आणि बसलेल्या धुळीचा चिखल. तो काढला. नायलॉनच्या जुन्या साडीतून बारीक धूळ सरळ आत यायची. तीही काढली.

एका सकाळी मी शाळेच्या स्कर्टला चुण्या घालत बसले होते. दीर चहा पीत समोर होते. एकाएकी त्यांनी कप खाली ठेवला.

"वैनी, ह्या एवढ्याशा कमरेत कापड किती जातं?"

"चुण्या असल्या की तिप्पट."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. जागा तेवढीच, कापड तिप्पट. म्हणजे हवेला आत यायला तिप्पट वाट! त्यांनी लाकडी चौकट केली, मी तिच्या मापानं पातळ सुती कापडाला एकसारख्या चुण्या घालून शिवल्या, बाहेरून मोठी घाण अडवायला नायलॉनची साडी लावली. मलमलीनं कोंडणारी हवा ह्या चुण्यांतून आरामात आत यायला लागली, आणि धूळ बाहेरच्या साडीवर बसून राहिली. आकडे हिरवे. मी इतकी वर्षं चुण्या घालत आले होते, पण चुणी म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं.

मग दिरांना जोर आला. त्यांनी प्लायवूडचा पडदा घालून खोलीचे दोन भाग केले. एकीकडून चुणीच्या चौकटीतून मोठे पंखे हवा आत ढकलायचे, मधल्या मांडण्यांतून ती जायची, आणि तापलेली हवा प्लायवूडपलीकडच्या भागात जाऊन वरच्या झरोक्यातून बाहेर पडायची. त्यांचं म्हणणं असं, की आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची. म्हणजे खोली फुग्यासारखी भरलेली राहते आणि दाराच्या फटीतून धूळ आत शिरायच्या ऐवजी आतलीच हवा बाहेर पडते.

"पण ते कळणार कसं?" मी विचारलं.

"धूर पायजे थोडा."

आत्या देवघरातून पेटलेली उदबत्ती घेऊन आल्या. दीर म्हणाले, "बाहेरनं फटीजवळ धर, आये." आत्यांनी धरली. धुराची रेघ फटीपासून लांब, त्यांच्याच तोंडाकडं वळली. दीर अंगणात नाचायचेच बाकी राहिले. आत्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी उदबत्ती खोलीला तीनदा ओवाळली, दाराला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आता न्हाई काय व्हायचं."

आणि खरंच काही झालं नाही. ज्वारीची मळणी झाली, आळीभर भुसा उडाला. वैशाखाच्या झळा सुरू झाल्या. म्हसवडकडून येणारे पाहुणे सांगत होते की तिकडं तर दुपारी पाखरूसुद्धा दिसत नाही. आमची कार्डं मात्र शांतपणे लोकांची गणितं सोडवत होती. आठवड्यातून एकदा मी चौकट काढून अंगणात आपटायची, कापड धुवायची, दुसरी चौकट बसवायची.

शेजारच्या काकींच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. काकींनी रुखवतासाठी जीव ओतला होता. गहू भिजवून, वाटून, चीक काढून पांढऱ्या, गुलाबी, हिरव्या कुरडया घातल्या होत्या. एका कुरडईला तर मोराचा आकार दिला होता. सगळं घराच्या सपाट छतावर, माळवदावर वाळत होतं, आणि लग्न आठवड्यावर आलेलं असताना वळीव कोसळला. एकदा नाही, रोज. आभाळ उघडेचना. काकी कुरडया घरात घेऊन बसल्या, पण अर्धवट वाळलेल्या कुरडया आंबूस वास मारायला लागल्या.

काकी आमच्या ओट्यावर येऊन पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, पाव्हण्यांपुढं मोकळी ताटं मांडू का गं? मोर तर पार लोळा झालाय."

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, "आमच्या मागल्या खोलीत कडकडीत वारं हाय. आन की तिकडं."

दीर त्या दिवशी पावसामुळं घरीच होते. त्यांचा चेहरा उतरला. "आये, हवेच्या वाटंत काय ठेवलं तर कार्डं तापतील."

पण मला ते पटलं नाही. त्या खोलीतली हवा माझ्याच कापडातून गाळून येत होती. अख्ख्या आळीत इतकी स्वच्छ, कोरडी, गरम हवा दुसरीकडं कुठं नव्हती. मी म्हणाले, "वाट अडवायची न्हाई. खाली बाजा टाकू, वरनं हवा मोकळी जाऊ दे. मी फोन घेऊन इथंच बसते. एक आकडा लाल झाला, की बाजा बाहेर."

दिरांनी माझ्याकडं बघितलं, मग काकींकडं. "आना," ते म्हणाले.

आम्ही प्लायवूडपलीकडचा भाग धुऊन-पुसून घेतला, बाजांवर धुतलेल्या साड्या अंथरल्या. आळीतल्या बायका डोक्यावर प्लास्टिकचे कागद धरून ताटं घेऊन आल्या. कुरडया, सांडगे, पापड. बाहेर पाऊस धो धो, आत उबदार वारा, आणि चिकाचा, जिऱ्याचा वास. मी मधल्या दारात पाटावर बसून आकडे वाचून दाखवत होते आणि प्रत्येक "हिरवं!" ला बायका आनंदानं ओरडत होत्या. कुणीतरी लग्नाची गाणी सुरू केली. दीर दर अर्ध्या तासानं एकेक बाज इंचभर सरकवून हवेचा अंदाज घेत होते, जणू तेच नवरीकडचे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुरडया काचेसारख्या वाजायला लागल्या. मोराची मान काकींनी ओला हात लावून पुन्हा वळवली आणि तोही वाळला, थोडा वाकडा, पण ऐटदार.

लग्नात रुखवत मांडलं. वरमाई हरखून बघत होत्या. "एवढ्या पावसात कुरडया वाळवल्या तरी कशा, विहीणबाई?"

काकींनी पदर सारखा केला आणि गंभीरपणे सांगितलं, "कॉम्प्युटरवर."

मांडवात आम्ही आळीतल्या बायका इतक्या हसलो की भटजींनी मंत्र थांबवले.

त्यानंतर ती खोली आमची राहिली नाही. पावसाळ्यात पलीकडच्या बाळंतिणीची दुपटी तिथंच वाळायची. कुणाच्या शेवया, कुणाची भिजलेली पुस्तकं. दिरांनी एक पक्की रॅकच करून टाकली.

मग त्या नाण्याची पद्धतच बदलली. अशा कार्डांची गरजच उरली नाही, जगभरातली तसली कामं एकदम थांबली. दिरांनी दोन दिवसांत एकेक मांडणी बंद करत आणली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कार्डं पुसली आणि मला बरोबर घेऊन सांगलीत लग्नाचे व्हिडिओ तयार करणाऱ्या एकाला विकून टाकली. त्यानं कार्डं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ही वापरलीत का नुसती ठेवली होती?" परत येताना दीर बसमध्ये ते वाक्य मला दोनदा सांगत होते. ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. आता विट्यात त्यांचं स्वतःचं दुकान आहे, आणि मागवाल्यांच्या विजेच्या पॅनेलसाठी, गिरण्यांच्या मोटरसाठी मी चुण्यांच्या चौकटी शिवून देते.

खोलीतले मोठे पंखे आणि चुणीची चौकट आम्ही काढली नाही. आत यंत्रं नाहीत, त्यामुळं हवा आता गार येते. उन्हाळ्यात आत्यांनी आपली बाज तिकडं हलवली. दुपारी काकी येतात, अजून दोघी-तिघी येतात, शेंगा फोडत बसतात. बाहेर फुफाटा उडत असतो आणि आत आत्या कुणालातरी सांगत असतात, "बस गं निवांत. हितं धूळ येत न्हाई."