हर्षिताच्या वजनाला लावलेली गाडी

कोहमाऱ्याच्या चौरस्त्यावर ट्रकची पुढची चाकं सरळ करून घ्यायची असली, की ओमेश्वर बिसेनचं दुकान विचारत ड्रायव्हर येत. लांब दोरा, खडूचा तुकडा आणि डावा डोळा बारीक करून पाहायची सवय, एवढ्यावर या माणसाने संसार केला. चाकांचा कल पाहता पाहता त्याची मानही एका बाजूला कलली होती. "ओमेश्वरभाऊ, आधी आपली मान सरळ करा," लोक म्हणत, आणि तो सगळ्यांत मोठ्याने हसे. पोरगी गेली, तेव्हापासून लोकांनी ती थट्टा सोडली.

त्याची पोरगी हर्षिता नागपूरला इंजिनिअरिंग शिकायची. कॉलेजातल्या पोरांनी स्पर्धेसाठी कार्ट बांधायची ठरवली आणि ती बांधली ओमेश्वरच्या दुकानात. कार्ट म्हणजे शर्यतीची चिमुकली गाडी. छत नाही, दार नाही, स्प्रिंगसुद्धा नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली. ओमेश्वरने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला.

"अवो बाई, हे वळते कशी? आतलं चाक फरफटत जाते ना!"

"म्हणूनच ते उचलाले पायजे, बाबूजी. वळताना आतलं मागचं चाक जरासं वर. अन् ते मागून नाई उचलत, पुढून उचलते."

पुढून म्हणजे किंगपिनपासून. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं, ती खिळी मागे जितकी कलवावी, तितकं स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचं अंग पिळतं आणि मागचं आतलं चाक जमीन सोडतं. ड्रायव्हर हलका असेल, तर कल जास्त द्यावा लागतो. हर्षिता तर धानाच्या चाळीस किलोच्या कट्ट्यापेक्षा थोडीच जड! बापलेकीने खिळ्या जमतील तेवढ्या मागे कलवल्या, वॉशर घालून पुढची चाकं बाहेर घेतली. बंद पडलेल्या राईस मिलचं वाळवणीचं सिमेंटचं अंगण हे त्यांचं मैदान. एका संध्याकाळी वळणावर ते चाक अलगद उचललं आणि अलगद टेकलं, जणू नव्या नवरीने उंबरठ्यावरून पाऊल टाकावं. हर्षिता तिथेच थांबली. पर्समधून लाल नेलपॉलिश काढून तिने दोन्ही किंगपिनच्या नटापासून चौकटीपर्यंत रेघ ओढली.

"आता याले कोनी हात नाई लावाचा. तुमी बी नाई, बाबूजी."

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, तिला ताप चढला. गोंदियाच्या दवाखान्यातून ती परत आली ती चादरीखाली.

यंदा तिच्या सोबतची मुलं पुन्हा आली. गाडी पळवायची म्हणाली, तिच्याच नावाने. चालवणार होता गोंदियाचा हिमांशू, चांगला भरलेल्या अंगाचा, लाजाळू मुलगा. ओमेश्वरने लगेच हो म्हटलं. पण त्याच अंगणात हिमांशू पहिल्या फेरीला निघाला आणि गाडीने रंग दाखवला. स्टिअरिंग दगडासारखं जड. वळणावर मागचं चाक उचलायचं ते टेकायलाच तयार नाही. गाडी बेडकासारखी उड्या मारत जाई.

ओमेश्वरने टायरची हवा कमी केली. मग वाढवली. सीट मागे सरकवली, मागची चाकं बाहेर घेतली. पुढचं सोडून सगळं केलं. हिमांशूच्या तळव्यांना फोड आले. त्याला दुखणं कळत होतं आणि दुखण्याचं कारणही कळत होतं. पण लाल रेघेकडे बघून तो पुन्हा स्टिअरिंग धरे.

"थोडा जड आहे काका, चलेगा," एवढंच तो म्हणे.

तिसऱ्या दिवशी ओमेश्वरची बायको सुखवंता डबा घेऊन आली, तेव्हा गाडी वळणावर होती. नवऱ्याशी बोलायला तिने तोंड उघडलं आणि आतलं चाक वीतभर वर गेलं. गाडी क्षणभर एका कुशीवर तोलली आणि कडेला रचलेल्या टायरांच्या ढिगात जाऊन आदळली. हिमांशू कोपर धरून उठला. रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"कुछ नहीं काका. मेरी ही गलती है."

सुखवंताने पदर फाडून कोपराला बांधला आणि नवऱ्याकडे वळली.

"काय पाहून राहिले? पुढचं काऊन नाई खोलत?"

"तिनं हात लावू नका म्हटलं होतं."

"ते तिनं आपल्यासाठी म्हटलं होतं. हे दुसऱ्याचं लेकरू हाय, अजी. याची माय घरी वाट पाहून राहिली असन."

ओमेश्वर गुडघ्यावर बसला. नटाला पाना लावला. मग मनगट वळवलं. रेघ तुटली. अर्धी नटाबरोबर फिरली, अर्धी चौकटीवर राहिली. दुसऱ्या बाजूला त्याने पाहिलंच नाही, चाचपून पाना लावला.

खिळ्यांचा कल कमी झाला, वॉशर निघाले, चाकं आत आली. आता पुढच्या चाकांमधलं अंतर दोऱ्याने मोजायचं होतं, आधी पुढून, मग मागून. दोऱ्याचं एक टोक नेहमी हर्षिता धरायची. ओमेश्वर टोक हातात घेऊन इकडेतिकडे बघू लागला. सुखवंता पलीकडच्या चाकाशी बसली आणि तिने हात पुढे केला.

"हलवू नको."

"मी कुठं हलवून राहिली? तुमीच हलवून राहिले."

हिमांशू पुन्हा बसला. पहिली फेरी, दुसरी फेरी. वळण आलं. ओमेश्वरने डावा डोळा बारीक केला. आतलं चाक अलगद उचललं आणि अलगद टेकलं.

"झालं का बरोबर?" सुखवंताने विचारलं.

त्याने मान डोलावली आणि दोरा गुंडाळू लागला. दोन-चार वेढ्यांनंतर दोरा ताणला गेला. पलीकडचं टोक सुखवंताने अजून सोडलं नव्हतं.