शेताच्या नावावरचं पाणी

शेतीला किती पाणी लागतं याचा अंदाज बांधण्यावर माझं पोट चालतं. तमिळ मुलखातल्या शहरात, पेरुंगुडी भागातल्या ऑफिसात एसीत बसून मी उपग्रहाच्या फोटोंत पिकं शोधते, आणि गावाला पुरवलेल्या विजेवरून पंपांनी किती पाणी उपसलं ते काढते. शेतीपंपांना मीटर नाहीत, त्यामुळे सगळा अंदाजपंचे कारभार. तरी मीटिंगमध्ये आवाज माझाच मोठा.

या वर्षी शहराबाहेरच्या एका गावाचा मेळ काही केल्या बसेना. पंप सारखे चालू आणि शेतं निम्मी पडीक. लोक पाण्याची नासाडी करतात, असं मी ठणकावून सांगितलं. तेवढ्यावर तिथल्या पंपांची वीज निम्मी करायचं घाटू लागलं. साहेब म्हणाले, आधी एकदा बघून या.

विहिरीजवळ एक बाई भेंडी तोडत होत्या. माझं मोडकंतोडकं तमिळ ऐकून हसल्या आणि न मागता चोंबूभर, म्हणजे तांब्याभर, पाणी घेऊन आल्या. पंप धडधडत होता. त्याचा पाइप शेतात गेलाच नव्हता, तो टँकरच्या पोटात सोडला होता. टँकरच्या मागे निळा मोर रंगवलेला, पिसाऱ्याचा एका बाजूचा रंग उडालेला. तो मोर मी ओळखला. रोज सकाळी आमच्या बिल्डिंगच्या फाटकातून तो उलटा आत येतो, आणि उशीर झाला की वॉचमनला फोन करून कटकट करणारी मीच.

बाईंनी विचारलं, राहता कुठे? पेरुंगुडी म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"मग आमचंच पाणी पिता की, अम्मा!"

टोमणा नव्हता त्यात, माहेरचं माणूस भेटल्यासारख्या बोलल्या. मी चोंबू उंच धरून वरून पीत होते, ठसका लागला. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

ऑफिसात मी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, मग शेतीच्या आकड्यातून टँकरचं पाणी किती वजा करायचं? ते मला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. बिल्डिंगच्या सेक्रेटरींना विचारलं, टँकर किती येतात, कुठून येतात. ते म्हणाले, "मॅडम, खोलात शिरू नका. बंद झाले तर आंघोळ कशाने करणार?"

आकडा येईपर्यंत विजेचा निर्णय थांबलाय. आज सकाळी टँकर वेळेवर आला. मी बादली भरून घेतली.