तळ्याचे नऊ रहिवासी

नवी मुंबईतल्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली म्हणून मी माझ्या गावी, तळ्याला, परत राहायला आले. आठवडाभरात गुरुजी दारात उभे. त्यांनी मला चौथीत शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते एसटीनं जिल्हाभर हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत आणि घरी येऊन एका बोटानं टाइप करत. अशा दोनशे फायली झाल्या होत्या. त्यांची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'नवीन खरा' अशी. कोणती आठवण कोणाची, हे फाइल उघडल्याशिवाय त्यांनाही कळत नव्हतं.

मी त्यांना सांगितलं, प्रत्येक फायलीच्या डोक्यावर चार ओळींचं हेडर घालू. शीर्षक, सांगणारे, गाव, फोन. ठरलेल्या साच्यात लिहिलं की पुढे हवं ते कॉम्प्युटरच शोधून देतो.

"म्हणजे वहीवरचं लेबल," गुरुजी म्हणाले. "नाव, इयत्ता, तुकडी. ते मी हातानं लिहीन की."

मला मात्र प्रोग्रॅम लिहायची हौस. रविवारी सकाळी बसले आणि जेवणाआधी दोनशे फायलींना हेडर लागलं.

शीर्षक पहिल्या ओळीवरून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. गुरुजींनी समोरच्याच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द इमानानं उतरवलेला. त्यामुळे एका आठवणीचं शीर्षक झालं 'आधी तो पंखा बंद करा', आणि एकवीस आठवणींचं 'मला काय ठावं न्हाय'. ती बदलायला गुरुजींनी साफ नकार दिला. लोक जे म्हणाले तेच म्हणाले, असं त्यांचं म्हणणं.

नाव आणि फोन नंबर ते प्रत्येक फायलीच्या शेवटी लिहीत. गाव मात्र लिहिलेलं नव्हतं, कारण ते बोलण्यात येतंच. म्हणून मी प्रोग्रॅमला जिल्ह्यातल्या गावांची यादी दिली आणि मजकुरात त्यातलं जे नाव पहिलं सापडेल ते टाकायला सांगितलं.

पहिलं वाचन आमच्या विहाराच्या सभागृहात करायचं ठरलं. म्हाताऱ्यांना प्रवास नको म्हणून फक्त तळ्याच्याच लोकांना बोलवायचं. यादी काढली तर नऊ नावं आली. गुरुजींच्या आठवणीप्रमाणे गावात चाळीस तरी माणसं बोलली होती. नावंही गावातली वाटेनात. पण यादी छापील होती. माझंच वय झालं, असं म्हणून त्यांनी ती मान्य केली आणि निमंत्रणाचा मजकूर सांगितला. मी तो नऊ फोनांवर पाठवला. आपण तळ्याचे रहिवासी असल्याने आपली उपस्थिती आवश्यक आहे, असा. इतकी वर्षं शाळेत नोटिसा काढलेला माणूस, भाषा तशीच आली.

ठरल्या दिवशी दुपारी सगळ्यात आधी रेवदंड्याची एक कोळीण आली, रोह्याला एसटी बदलून. बसायच्या आधी तिनं आधार कार्ड काढलं.

"मास्तर, मी रेवदंड्याची हाय," ती म्हणाली. "तळ्याची कवा झाली, ते बघाया आलेय."

तिच्या मागोमाग दिवेआगरचे एक वाडीवाले आले, नारळ-सुपारीच्या बागेचे मालक. त्यांनी वाडीचा सातबारा आणला होता आणि ते चांगलेच तापले होते. चारपर्यंत नऊच्या नऊ हजर झाले, कोणी मुरूडचं, कोणी श्रीवर्धनचं. तळ्याचं एकही नव्हतं. तळ्याची माणसं दाराबाहेर उभी होती आणि आम्हाला का बोलावलं नाही, असं विचारत होती.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच लॅपटॉप उघडला. कोळणीच्या फायलीत दुसऱ्याच वाक्यात सासूनं तिला बोंबील तळायला शिकवल्याची आठवण होती. तळायला या शब्दात प्रोग्रॅमला तळा सापडलं होतं. नऊजणांतले सहाजण काही ना काही तळत होते. दोघांचं लहानपण कातळावर खेळण्यात गेलं होतं. आणि गावातली माणसं आपल्या गावाला नुसतं तळा म्हणतच नाहीत. ती 'आपल्यात' म्हणतात, नाहीतर 'तळ्याला', 'तळ्यात'. मग त्यांच्या बोलण्यात पुढे जिथला बाजार आला, ते गाव प्रोग्रॅमनं त्यांना देऊन टाकलं होतं.

हे सगळ्यांना कसं सांगावं ते मला कळेना. शेवटी गुरुजी उठले आणि वर्गात धडा समजवावा तसं त्यांनी सगळं समजावलं. कोणी हसलं नाही. वाडीवाल्यांनी हात वर केला.

"मी काही तळलेलं नाही. कातळावरही बसलेलो नाही."

मी त्यांची फाइल शोधली. चक्रीवादळात पोफळी आडव्या झाल्या आणि पंप विहिरीच्या तळाशी गेला, असं ते म्हणाले होते. ते वाक्य मी वाचून दाखवलं. मग हळूहळू ते स्वतःच सांगू लागले, पंप वर काढायला दोर टाकला तेव्हा विहिरीत पाण्यापेक्षा नारळ जास्त दिसत होते. कोळणीनं आपली जागा सोडली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. त्या वादळात तिचं छप्पर गेलं होतं. बाहेरची माणसं आत येऊन बसली. तळणीला रवा की तांदळाचं पीठ, यावर पुढे तासभर वाद झाला आणि गुरुजींनी तो रेकॉर्ड केला.

निघताना वाडीवाल्यांनी लेखी मागितलं. गुरुजींनी लिहून दिलं, हे गृहस्थ तळ्याचे रहिवासी नाहीत व कधीही नव्हते. ते पाहून बाकीच्यांनीही मागितलं. अशी नऊ पत्रं झाली. कोळणीनं आपल्या पत्रावर शिक्का नसल्याचं दाखवलं, म्हणून विहाराचा शिक्का मारला.

पुढचं वाचन पाली गावात होतं. तिथल्या यादीतल्यांना गुरुजींनी मला निमंत्रण पाठवू दिलं नाही, स्वतः सगळ्यांना फोन केले. सातजण होते. चौघांनी घरातल्या भिंतीवरच्या पालींबद्दल सांगितलं होतं, तिघांनी विहारात पाली भाषा शिकल्याबद्दल. पालीचं कोणी नव्हतं.

मी प्रोग्रॅममधून गावाची ओळ काढून टाकली. आता रविवारी गुरुजी शेजारी बसून एकेक गाव सांगतात आणि मी ते टाइप करते. दोनशेपैकी शंभर झाली आहेत.