दारावरची ती पाटी

मंडळी, आज माझी एक चूक सापडली, ती सांगते.

मी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची समुपदेशक. गरोदर बायकांचे नवरे फिरकतच नाहीत, हे माझं प्रत्येक मीटिंगमधलं रडगाणं.

आज पाचव्या महिन्यातली एक बाई आली. रिपोर्ट मागच्या खेपेलाच पॉझिटिव्ह आलेला. आठ दिवसांपासून गोळ्या नवऱ्यापासून ज्वारीच्या डब्यात लपवून घेतेय. म्हणाली, "त्याईले सांगणं माह्याच्यानं नाही होत. तुमीच सांगा, माह्यासमोर."

नवरा बाहेर गाडीवर बसलेला. हाक मारली तर उंबऱ्यापाशीच थांबला.

"या ना. आजवर काऊन नाही आले?"

"दर खेपेले येतो म्याडम. तुमीच तं लिहून ठेवलं."

त्यानं दाराकडे बोट दाखवलं. 'पुरुषांनी बाहेर थांबावे.' बायकांना संकोच नको म्हणून मीच लावलेली पाटी.

दोघांना शेजारी बसवून सांगितलं. तो बायकोला म्हणाला, "आठ दिवस तू एकटीच गोळ्या खाऊन राह्यली होती?" आणि स्वतःच्या तपासणीसाठी बाही वर केली.

पाटी काढली. त्या दारातून मी रोज आत-बाहेर करते. तुमच्या दवाखान्याच्या दारावर काय लिहिलंय, आठवतं का?